पेंव आणि त्यांतील हवा

ज्या देशांत हिवाळाभर जमीन बर्फाखालीं असते, तेथील लोकांना थंडीची बेगमी करावी लागते. आपल्याकडे ती काळजी पावसाळ्याची, आणि त्याहूनहि अधिक, पाऊस न पडलेल्या वर्षाची. या दुसऱ्या काळजीवर देशावरील शेतकऱ्याचा जुना उपाय म्हणजे पेंव. अमक्या गोष्टीचें 'पेंव फुटलें' असें आपण सहज बोलून जातों. परंतु प्रत्यक्ष पेंव पाहिलेला मनुष्य शहरांत आतां विरळाच.

पेंवाला जागा उंचवट्याची व घट्ट जमिनीची लागते. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढें, आणि खालीं पोट रांजणासारखें फुगत गेलेलें. तळाशीं व कडेनें कडब्याचा किंवा गवताचा जाड थर देऊन, उन्हांत खडखडीत वाळविलेला जोंधळा आंत भरीत. मग तोंडावर फरशी, तिच्यावर चिखलाचा लेप आणि माती. भिंतीलगतचें धान्य थोडेंफार काळें पडे व त्याला उग्र वास येई. मधलें मात्र वर्षानुवर्षें टिके. पेंवाचा खरा शत्रु पाणी. सांगलीजवळ हरिपूर येथें हळदीचीं पेंवें प्रसिद्ध होतीं; २००५ च्या महापुरांत त्यांपैकीं पुष्कळांत पाणी शिरलें.

पण धान्य टिके तें कशामुळें? दाणा सजीव असतो. तो, त्यांतील किडे आणि ओलसर कडेची बुरशी, सारींच श्वासोच्छ्वास करतात. बाहेरच्या हवेंत शेंकडा २१ भाग प्राणवायु असतो. कोंडलेल्या पेंवांत तो हळूहळू सरतो, कार्बन डायॉक्साइड वाढतो आणि किडे गुदमरून मरतात. पेल्याखालीं मेणबत्ती विझवून दाखविण्याचा शाळेंतील प्रयोग आठवावा. तो मीं पुष्कळ वर्षें केला आहे. हल्लींच्या हवाबंद धान्यपिशव्यांतहि तत्त्व हेंच आहे.

परंतु ज्या हवेंत किडा मरतो, तींत माणूस कसा जगेल? पेंव उघडतांच उतरलेले गडी बेशुद्ध पडून दगावल्याच्या गोष्टी घडल्या आहेत. आणि अनर्थ एकावर थांबत नाहीं, कारण पहिल्याला काढावयास दुसरा घाईनें उतरतो. हा वायु हवेहून जड. त्याला रंग नाहीं. झांकण काढलें म्हणून तो लगेच वर येऊन निघून जात नाहीं. म्हणून जाणते लोक पेंव बराच वेळ उघडें ठेवीत आणि दोरीला कंदील बांधून आंत सोडीत. कंदील विझला तर उतरावयाचें नाहीं. हा नियम मात्र एका बाजूनेंच खरा आहे. माणसाला भोवळ येण्याइतका वायु सांचला असूनहि ज्योत तेवत राहूं शकते. बरेच दिवस बंद असलेल्या इमारतींतील टाकीसंबंधानेंहि हें ध्यानांत असावें. उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधून त्याचें टोक वर दोघांनीं धरावें; हांकेला ओ आली नाहीं, तर त्याला वरूनच ओढावें, मागोमाग कोणीं उतरूं नये.