संगणकाची पेटी आणि चिंचवडचा पत्रा

भोसरी, चिंचवड, आकुर्डीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या ज्या औद्योगिक इलाख्यात मोटारींच्या दरवाजांपासून विजेच्या पॅनेलपर्यंत पोलादी पत्र्याचे नानाविध जिन्नस अहोरात्र घडविले जातात, तेथील रहिवाशाला मेजावरच्या संगणकासाठी आकाराने आटोपशीर आणि अंगाने भक्कम असे कॅबिनेट हवे असेल, तर ते बाजारात सहजासहजी मिळत नाही. दुकानांत मांडलेली बहुतेक कॅबिनेटे ऐसपैस असतात, एका बाजूस काच असते, आणि पत्रा अंगठ्याने दाबला तरी दबतो.

वास्तविक 2001 साली व्हीआयए कंपनीने अवघ्या 170 मिलिमीटर बाजूचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड आणला, तेव्हाच लहान संगणकाचा मार्ग मोकळा झाला होता. परंतु बोर्ड आकसत असताना ग्राफिक्स कार्डे 300 मिलिमीटरांहून लांब आणि चांगलीच वजनदार होत गेली, आणि तो भार तोलण्यास ताठ सांगाडा अपरिहार्य ठरला. सपाट पत्र्याचा वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरऐवजी एक मिलिमीटर जाडीचा पत्रा वापरल्यास वजन दुप्पट, पण ताठरपणा मात्र आठपट होतो. एवढा लाभ पदरात पडत असता पत्र्यात काटकसर करणे मला अक्षम्य वाटते.

उष्णतेचा प्रश्न याहून बिकट आहे. पाचशे वॅट खर्चणाऱ्या यंत्रातील हवा बाहेरच्यापेक्षा पंधराच अंशांनी तापू द्यायची, तर आपल्याकडील उन्हाळ्यात दर सेकंदास सुमारे 30 लिटर हवा आरपार गेली पाहिजे. वीस लिटरांच्या पेटीत याचा अर्थ सेकंदाला दीड वेळा संपूर्ण हवापालट. जाळ्या, पंखे आणि तारांच्या वाटा यांची तजवीज आरंभीच नकाशात करावी लागते.

पत्र्याचे एवढे कारखाने हाताशी असूनही अशा पेट्यांची टंचाई का, याचे उत्तर डायच्या, म्हणजे साच्याच्या, खर्चात आहे. प्रेसवर ठोकून काढावयाच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र डाय लागते, तिची किंमत हजारो नगांवर विभागली तरच दर परवडतो, आणि लहान, जड पेटीचे गिऱ्हाईक तितके मोठे नाही. मात्र लेझर कटिंग आणि सीएनसी बेंडिंगला भागागणिक डाय लागत नाही. नकाशाची फाईल पुरते. ही यंत्रे आणि पावडर कोटिंगच्या भट्ट्या या पट्ट्यातील लघुउद्योगांत आहेतच. शे-दोनशे नगांची आगाऊ मागणी एकत्र करून, कडा दुमडलेल्या एक मिलिमीटर सीआरसीए (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्याच्या पेटीचा नकाशा घेऊन कोणी भोसरीच्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये गेले, तर नग थोडे महाग पडतील, पण काम अडणार नाही.