पाणी आहे, दारं कोण धरणार? : एडीएचडी, लक्ष आणि भावना

ज्याचं लक्ष ठिकाणावर नसतं त्याच्यासाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही. वेंधळा, धांदरट, विसरभोळा, धसमुसळा. ज्याचा राग पटकन वर येतो त्याच्यासाठी वेगळी यादी आहे : तापट, शीघ्रकोपी, भडक माथ्याचा. जिला पटकन रडू येतं ती हळवी. या याद्या आपल्या मनात वेगवेगळ्या माणसांच्या असतात आणि सगळ्या स्वभावाच्या म्हणून धरल्या जातात. पण कधी कधी त्या एकाच माणसाला लागू होतात, आणि त्यामागचं कारणही एकच असतं. त्या अवस्थेला वैद्यकशास्त्रात एडीएचडी म्हणतात. मराठीत तिला ‘अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार’ असं जड नाव आहे. घरात आम्ही एडीएचडीच म्हणतो.

मी बारामतीत कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि राहते इंदापूर तालुक्यात. आमच्या मुलाचं निदान तो तिसरीत असताना झालं. माझं निदान त्यानंतर वर्षभरानं झालं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. डॉक्टर मुलाविषयी प्रश्न विचारत होते, तेव्हा निम्म्या प्रश्नांना माझे यजमान माझ्याकडे बघून हसत होते. यात नवल काही नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या अवस्थेची आनुवंशिकता सुमारे ७० ते ८० टक्के मानली जाते. याचा अर्थ शंभरातल्या सत्तर मुलांना ती आईबापांकडून येते असा नाही. माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला बराचसा वाटा जनुकांचा आहे, इतकाच त्याचा अर्थ.

भावना यादीबाहेर कशा राहिल्या

हा आजार मोबाईलच्या जमान्यात निघाला, असं पुष्कळांना वाटतं. पण अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्यानं १७९८ मध्येच लक्ष टिकू न शकणाऱ्या माणसांचं वर्णन केलं होतं. १९०२ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी आपल्या व्याख्यानांत, बुद्धी ठीक असूनही स्वतःला आवरता न येणाऱ्या मुलांविषयी सांगितलं. त्यांच्या वर्णनात उतावळेपणाबरोबर भावनांचा भडकाही आहे.

पुढे अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत १९६८ साली या अवस्थेला अतिचंचलतेच्या अंगानं नाव मिळालं. १९८० मध्ये भर लक्षावर आला आणि १९८७ मध्ये आजचं नाव रूढ झालं. २०१३ च्या आवृत्तीत अठरा लक्षणं आहेत : नऊ अवधानाची, नऊ चंचलता व उतावळेपणाची. लहान मुलांत यांपैकी एका गटातली किमान सहा आणि सतरा वर्षांपुढे किमान पाच लक्षणं सहा महिने तरी दिसावी लागतात. त्यांतली काही बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत, ती घर, शाळा, नोकरी अशा दोन तरी ठिकाणी दिसावीत आणि त्यांनी रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा आणावा, अशा अटी आहेत. म्हणून चाव्या विसरणारा प्रत्येक जण काही एडीएचडीचा नसतो.

या अठरांत भावनांविषयीचं एकही लक्षण नाही. त्यांचा उल्लेख ‘सोबत आढळणारी वैशिष्ट्यं’ म्हणून होतो. पॉल वेंडर यांनी मोठ्या माणसांसाठी जे निकष मांडले, त्यांत मात्र झटकन बदलणारी मनःस्थिती आणि चटकन येणारा राग यांना जागा होती. मुख्य यादीत नसल्यामुळे भावनांकडे शाळेत, दवाखान्यात आणि घरातही शेवटी लक्ष जातं. प्रत्यक्षात माणूस सगळ्यात जास्त पोळतो तो तिथंच.

दारं धरणं

‘अवधान-न्यूनता’ या शब्दानं एक गैरसमज होतो, की या माणसाकडे लक्ष कमी असतं. माझा मुलगा शुद्धलेखनाची एक ओळ पुरी करत नाही, पण बिघडलेली मोटार उघडली की तीन तास जागचा हलत नाही. सासूबाई म्हणायच्या, “मोटारीत बरं लागतं रं तुझं ध्यान!” त्यांचं निरीक्षण अचूक होतं.

नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामतीकडून इंदापूरकडे येतं. पाणी शेताच्या बांधापर्यंत आलं म्हणजे ऊस भिजला, असं होत नाही. रात्री-अपरात्री कुणीतरी खोरं घेऊन उभं राहावं लागतं. एक सरी भरली की तिचं दार बंद करायचं आणि पुढचीचं उघडायचं. याला आपण ‘दारं धरणं’ म्हणतो. दारं धरणाऱ्याचा डोळा लागला तर पाणी तेवढंच असतं, पण ते उताराकडे धावतं. एक सरी तुडुंब भरून फुटते आणि पलीकडची कोरडी राहते.

मेंदूत हे काम मुख्यतः कपाळामागच्या भागाचं आहे. कशाकडे बघायचं, काय थांबवायचं, हातातलं काम मनात किती वेळ धरून ठेवायचं, हे तो ठरवतो. त्यासाठी डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही रसायनं निरोप नेण्याचं काम करतात. एडीएचडीत ही निरोपांची व्यवस्था वेगळी चालते. २००७ मध्ये फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांच्या मेंदूची चित्रं तपासली. मेंदूच्या वरच्या थराची जाडी जो टप्पा इतर मुलांत साधारण साडेसात वर्षांच्या वयात गाठते, तो एडीएचडीच्या मुलांत साधारण साडेदहाव्या वर्षी आला होता. वाढीचा क्रम तोच होता, वेळ पुढे गेली होती, आणि सगळ्यात जास्त उशीर पुढच्या भागात होता. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाकडून दहाच्या समजुतीची अपेक्षा ठेवताना, स्वतःला आवरण्यात तो सात-आठ वर्षांचा असू शकतो, हे ध्यानात घ्यावं लागतं.

आडसाली ऊस आणि दुधाची पावती

या मेंदूला दूरचं बक्षीस दिसतं, पण ते कामाला लावत नाही. आडसाली ऊस पावसाळ्यात लावायचा आणि तो तुटायला दीड वर्ष. मधली खुरपणी, बांधणी, खतं सगळी त्या दूरच्या बिलाच्या भरवशावर करायची. दुधाचं तसं नसतं. सकाळी डेअरीवर दूध घातलं की फॅट लागते आणि पावती हातात येते. एडीएचडीचा माणूस दुधाच्या हिशेबात पुष्कळदा चोख असतो आणि उसाच्या हिशेबात मागे पडतो. त्याच्या लेखी काळाचे दोनच भाग असतात : आत्ता, आणि आत्ता नाही. दहावीची परीक्षा लांब असते, म्हणजे ‘आत्ता नाही’ या भागात. ती आदल्या रात्री एकदम ‘आत्ता’ होते.

हे कळल्यावर उपायाची दिशा बदलते. “भविष्याचा विचार कर” हे वाक्य उपयोगी पडत नाही. दूरचं काम तोडून त्याच्या छोट्या पावत्या कराव्या लागतात. वीस मिनिटं गणित, एक खूण, पाच मिनिटं अंगणात.

तेच दार, तेच पाणी

भावनांचं पाणीही याच दारातून जातं. राग, आनंद, अपमान प्रत्येकालाच होतात. बहुतेकांच्या मनात भावना आणि कृती यांच्यामध्ये क्षणभराची फट असते. त्या फटीत माणूस म्हणतो, “जाऊ दे.” एडीएचडीत ही फट अरुंद असते. मुलाला मित्रांनी खेळायला घेतलं नाही की तो जग बुडाल्यासारखा रडतो आणि वीस मिनिटांनी हसत असतो. बघणाऱ्याला वाटतं, नाटक करतोय. पण त्याचं रडणं खरं होतं आणि हसणंही खरं आहे.

माझ्या बाबतीत वरिष्ठांचा “जरा भेटून जा” एवढा निरोप पुरे असे. कारण कळेपर्यंत तास घेताना फळ्यावरचं उदाहरण अर्ध्यात सुटायचं. नाकारलं जाण्याच्या नुसत्या शंकेनं होणाऱ्या या वेदनेला अलीकडे वेगळं नाव देतात. ते निदान-पुस्तिकेत नाही, अनुभव मात्र पुष्कळांचा आहे.

इथं एक फरक डॉक्टर नेहमी तपासतात. एडीएचडीतला भावनांचा चढउतार सहसा कशामुळे तरी होतो आणि काही मिनिटांत किंवा तासांत ओसरतो. कारणाशिवाय अनेक दिवस टिकणारा उन्माद किंवा आठवडेच्या आठवडे राहणारं औदासीन्य वेगळ्या आजाराची खूण असू शकते. झोप पुरी न होणं, थायरॉइड, पंडुरोग, चिंता, ऐकू कमी येणं यांमुळेही लक्ष उडतं. म्हणून रील बघून स्वतःचं निदान करू नये.

याशिवाय वर्षानुवर्षं साचणारा एक गाळ असतो : लाजेचा. “हुशार आहे, पण प्रयत्न करत नाही” हे वाक्य प्रगतिपुस्तकावर दरवर्षी वाचणारं मूल शेवटी त्यावर विश्वास ठेवतं. मी मुलगी होते, वर्गात उड्या मारत नव्हते, खिडकीबाहेर बघत बसायचे. अशा शांत मुलींचं निदान मुलांच्या मानानं कमी आणि उशिरा होतं. चिंता आणि नैराश्य घेऊन त्या चाळिशीत दवाखान्यात येतात आणि मूळ कारण तेव्हा कळतं. त्यामुळे मुलाच्या गुणांइतकीच, त्याचं स्वतःविषयीचं मत काय होत चाललंय याची चौकशी केली पाहिजे.

साखर, मोबाईल, संस्कार

साखर कारखान्यांच्या या मुलखात मला सर्वाधिक मिळालेला सल्ला साखर बंद करण्याचा होता. १९९५ मध्ये अशा २३ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. साखरेनं मुलांच्या वागण्यावर किंवा आकलनावर परिणाम होतो, असं त्यात दिसलं नाही. दातांसाठी साखर कमी करावी, ती गोष्ट वेगळी. मोबाईलनं एकाग्रतेची सवय बिघडते आणि झोप जाते, पण वरच्या इतिहासावरून दिसेल की ही अवस्था मोबाईलच्या कितीतरी आधीची आहे. आणि संस्कार? एकाच घरात, एकाच ताटात वाढलेली माझी धाकटी मुलगी दप्तर स्वतः भरते.

उपचार आणि घरची रीत

मिथिलफेनिडेट हे औषध १९४४ मध्ये तयार झालं. ते निरोप पोहोचवणाऱ्या रसायनांना मदत करतं. साधी गोळी तासाभरात काम सुरू करते आणि काही तासांत उतरते. भूक मंदावणं आणि झोप लांबणं हे तिचे नेहमीचे त्रास. आपल्याकडे ते नियंत्रित औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. अॅटोमॉक्सेटिन हे दुसऱ्या प्रकारचं औषध असून त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. ५७९ मुलांवरच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. चौदा महिन्यांनंतर मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा गुण अधिक दिसला. पुढच्या वर्षांत मात्र गटांमधला फरक पुसट होत गेला. औषधाचा उपयोग भावनांपेक्षा लक्षावर जास्त होतो, असंही संशोधन सांगतं. औषध दारं धरणाऱ्याला जागं ठेवतं, पण सऱ्या आपल्यालाच पाडाव्या लागतात.

आमच्या सऱ्या साध्या आहेत. जे डोळ्यांआड जातं ते आमच्यासाठी नाहीसं होतं, म्हणून कपाटाची दारं काढून टाकली. उत्तरपत्रिका तपासायला मी शेजारच्या शिक्षिकेबरोबर बसते. ती तिचं काम करते, मी माझं. गावाकडे सावड असते, एकमेकांच्या रानात मिळून काम करायचं, त्यातलाच हा प्रकार. एकटीला न उरकणारा गठ्ठा सोबतीनं उरकतो. भावनांसाठी घरात एक वाक्य ठरलं आहे : “पाणी आलंय.” कुणीही ते म्हटलं की भांडण तिथंच थांबतं, तो माणूस अंगणात जातो आणि अर्ध्या तासानं त्याच विषयावर बोलायला परत येतो. परत येणं बंधनकारक आहे, नाहीतर ते नुसतं पळणं ठरेल. सुरुवातीला सासूबाईंना हे थेर वाटलं. आता मुलगा तापला की त्याच म्हणतात, “पाणी आलंय त्याला, थांबा जरा.”

तालुक्यात काय मिळू शकतं

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये शोधायच्या आजार-अवस्थांची यादी आहे, आणि तिच्यात एडीएचडी आहे. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यायचं असतं. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की मानसोपचार विभाग आलाच. पहिल्या विचारणेसाठी शंभर किलोमीटरवरच्या पुण्याला जायलाच हवं असं नाही. मन फारच खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

कायद्यात एक उणीव आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे ज्या मुलाला दोन्ही आहेत त्याला अध्ययन-अक्षमतेच्या दाखल्यावर परीक्षेत सवलत मिळू शकते. ज्याला फक्त एडीएचडी आहे, त्याची वाट बिकट होते. तिथं शाळेचं शहाणपण कामी येतं : पहिला बाक, तुकड्यातुकड्यांनी दिलेलं काम, चारचौघांत न केलेला अपमान. यातल्या कशालाही दाखला लागत नाही.

वाचकांत शिक्षक असतील तर एक विनंती. तपासणीचं पथक शाळेत येतं त्या दिवशी आपण खोड्या काढणाऱ्या मुलांची नावं पुढे करतो. ती जरूर करावीत. त्यांच्याबरोबर खिडकीशी बसलेल्या, वही अर्धी सोडणाऱ्या, हाक मारली की दचकणाऱ्या मुलीचंही नाव त्या यादीत घाला.