इंजिन बांधताय? आधी क्रँकचा 'प्ले' बघा!

बाबांची जुनी पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची, असं तुमच्याही मनात आहे ना? या गाडीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईचा निरोप घेतला, तेव्हापासून घरातल्या पद्मिनीवर जरा जास्तच जीव जडलाय. रंग, सीट्स, क्रोम सावकाश होईल. पण १०८९ सीसीचं ते इंजिन उघडलंत, तर एक गोष्ट स्वतः उभं राहून बघा : क्रँकशाफ्टचा एंड प्ले.

हा काय फंडा आहे?
क्रँक नुसता फिरत नाही, किंचित पुढे-मागेही सरकतो. त्याला आवर घालतात थ्रस्ट वॉशर. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो आणि भार येतो या वॉशरवर. म्हणजे सिग्नलला क्लच दाबून मोबाइल बघणारे आपण सगळेच गुन्हेगार!

प्ले फार कमी असेल, तर ऑइलला जागाच उरत नाही आणि वॉशर जळतो. फार जास्त असेल, तर झिजलेला वॉशर निसटतो आणि क्रँक थेट ब्लॉक खायला लागतो. मग केलेला सगळा खर्च पाण्यात.

पाच मिनिटांचं काम
बेअरिंगना ऑइल लावून क्रँक बसवला, कॅप्स ठरलेल्या टॉर्कला आवळल्या, की ब्लॉकवर डायल गेज लावायचं. त्याचं टोक क्रँकच्या तोंडाला टेकवायचं. स्क्रू-ड्रायव्हरने क्रँक पूर्ण मागे सरकवायचा, काटा शून्यावर आणायचा, मग पूर्ण पुढे. काटा दाखवेल तो एंड प्ले. डायल गेज नसेल, तर वॉशर आणि क्रँकच्या फटीत फीलर गेजची पत्ती घालूनही कळतं.

बऱ्याच इंजिनांत हा आकडा ०.१ ते ०.२ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे वहीच्या एक-दोन कागदांएवढा! तुमच्या गाडीचा नेमका आकडा मात्र मॅन्युअलमध्येच बघा. जास्त आला तर ओव्हरसाइझ वॉशर मिळतात. आणि हो, वॉशरची खाचांची बाजू क्रँककडेच हवी. उलटा बसला, तर काही दिवसांत पुन्हा इंजिन खाली!

मेकॅनिक म्हणेल, "साहेब, हाताने बघितलंय, ओके आहे." तुम्ही हसून म्हणा, "उस्ताद, एकदा गेज लावूया ना!"