नव्याने विश्वासात आलात? इथून सुरुवात करा

नवीन विश्वासणारे बरेचदा बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि लेवीय पुस्तकातल्या नियमांपाशी अडकतात. त्यांच्यासाठी हा सोपा क्रम 👇

📖 वाचन: मार्ककृत शुभवर्तमान आधी घ्या. चारही शुभवर्तमानांत हे सगळ्यात छोटं, फक्त १६ अध्याय. दुसऱ्या अध्यायात चौघे जण छप्पर उघडून पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेसकट खाली सोडतात. येशू आधी त्याला क्षमा करतो, मग बरं करतो. इथे जरा थांबून विचार करा.

🙏 प्रार्थना: शब्द सुचत नसतील तर मत्तय ६:९-१३ मधली प्रभूची प्रार्थना म्हणा. आधी देवाचा गौरव, मग रोजची भाकर, मग क्षमा. याच क्रमाने स्वतःच्या शब्दांत बोला.

⛪ मंडळी: एकट्याने चालू नका. प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिल्या मंडळीच्या चार सवयी आहेत: शिकवण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना. बाप्तिस्म्याची तयारी मंडळीनुसार वेगळी असते, पाळकांना मोकळेपणी विचारा.

🤔 शंका: मार्क ९ मधला बाप विश्वास आणि अविश्वास दोन्ही येशूपुढे ठेवतो, आणि त्याच्या मुलाला येशू बरं करतो. तुम्हीही तुमच्या शंका लपवू नका.

🏠 घरचे: घाई, वादावादी नको. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या वर्षांची घालमेल लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात जरूर वाचा.

काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो!