ओमानचे फलज

अरबस्तान म्हटलें कीं वाळवंट, उंट व तंबू एवढेंच चित्र आपल्यापुढें उभें राहतें. परंतु ओमान देशांत अल्-हजर पर्वताच्या बोडक्या कड्यांखालीं खजुरीच्या हिरव्यागार बागा आढळतात. त्यांचें जीवन म्हणजे ‘फलज’ नांवाचे पाट. डोंगरपायथ्याचें भूगर्भांतील पाणी बोगद्यानें, केवळ उताराच्या बळावर, गांवांत आणलेलें असतें. पहिला मान पिण्याच्या पाण्याचा, मग मशिदीचा व स्नानगृहांचा, शेवटीं बागांचा. प्रत्येकाची पाळी दिवसा सूर्यछायेवरून व रात्रीं ताऱ्यांवरून मोजीत.

१९६७ सालीं तेथील खनिज तेल परदेशीं जाऊं लागलें. १९७० सालीं साऱ्या देशांत अवघ्या ३ शाळा होत्या. पुढें शाळा, सडका व दवाखाने गांवोगांव झाले. हें मोठेंच कल्याण होय. परंतु यांत्रिक पंपांनीं विहिरींचा उपसा वाढला, भूजल खालावलें व कित्येक फलज आटले. तरुण शहरांत नोकरीस गेले. पाटांतील गाळ काढणारे हात उणे झाले.

२००६ सालीं युनेस्कोनें निझ्वाच्या फलज दारिससह ५ फलज जागतिक वारशांत घेतले. सुमारें ३,००० अद्याप वापरांत आहेत. पंप ज्याचा त्याचा असतो, फलज साऱ्या गांवाचा. तो राखावयाचा तर नुसती दगडांची डागडुजी पुरत नाहीं. दुसऱ्याची पाळी पाळण्याची संवयही राखावी लागते.