आकड्यामागचा माल: वित्तप्रशिक्षणाच्या शतकाचा मागोवा

१९१३ साली दोन गोष्टी घडल्या. मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले आणि नव्या कंपनी कायद्याने कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्यांना पात्रतेची अट घातली. पेढीवर मुनीमजींच्या हाताखाली शिकायची विद्या आता वर्गातही आली. १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी सुरू झाला. ही पदविका घ्यायची, शिवाय मान्यताप्राप्त हिशेबतपासनिसाकडे तीन वर्षे उमेदवारी करायची, मग देशभर ऑडिट करण्याची मुभा मिळे. पुस्तक आणि उमेदवारी यांची ही सांगड पुढच्या शतकभराच्या प्रशिक्षणाचा कणा ठरली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने चार्टर्ड अकाउंटंटची संस्था उभी राहिली. कॉस्ट अकाउंटंटची संस्था १९४४ पासून होतीच, तिला १९५९ मध्ये कायद्याचा आधार मिळाला. पहिलीने ताळेबंद तपासायला शिकवले, दुसरीने वस्तूच्या उत्पादनखर्चाचा हिशेब मांडायला. मात्र भांडवल उभारण्याच्या वाटा सरकारच्या हाती होत्या. कंपनीने शेअर कोणत्या किमतीला विकावा, हे दिल्लीतला कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज ठरवी. जिथे निर्णयच आपला नाही, तिथे निर्णय घेण्याचे शिक्षण तरी किती रुजणार? १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था काढली. तिच्यासारख्या संस्थांमुळे वित्त हा व्यवस्थापनाचा विषय म्हणून शिकवला जाऊ लागला.

खरी शिस्त लावली ती मात्र बँकांनी. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या प्रकाश टंडन समितीचा अहवाल १९७५ मध्ये आला. तोवर गोदामातला माल तारण ठेवला की कॅश क्रेडिट मिळे; एवढा माल लागतो कशाला, हे फारसे कोणी विचारत नसे. कोणत्या उद्योगाने किती महिन्यांचा कच्चा माल ठेवावा आणि उधारी किती दिवसांची असावी, याचे मापदंड समितीने घालून दिले. कर्जाची मर्यादा ठरवण्यासाठी तिने सुचवलेल्या पद्धतींपैकी दुसरीप्रमाणे चालू मालमत्तेचा किमान २५ टक्के भाग कंपनीने स्वतःच्या दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करायचा होता. हे तक्ते भरताना कारखान्यातल्या अकाउंटंटला स्टोअर, उत्पादन आणि विक्री या तिन्ही खात्यांत जावे लागे. खेळते भांडवल म्हणजे काय, ते तो तिथे शिकला. रिझर्व्ह बँकेने १९९७ मध्ये ही सक्ती काढली, पण ती शिकवण आजही टाकाऊ झालेली नाही.

१९९२ मध्ये कंट्रोलरचे कार्यालय बंद झाले, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले आणि शेअरची किंमत बाजार ठरवू लागला. मूल्यांकन, परकीय चलनातली जोखीम, विलीनीकरण हे विषय अभ्यासक्रमात ठळक झाले. पुढे स्प्रेडशीटचा वापर वाढला आणि दहा वर्षांचे अंदाज तासाभरात तयार होऊ लागले. वेग वाढला, तसा आकड्यांवरचा विश्वासही नको तेवढा वाढला.

त्याची किंमत ७ जानेवारी २००९ रोजी दिसली. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी लेखी कबुली दिली की ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. बँकेकडून शिल्लक थेट पडताळून घेणे हा ऑडिटच्या उमेदवारीतला सुरुवातीचा धडा आहे. पदव्यांची वाण नसलेल्या कंपनीत तोच गळाला. २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांना मुख्य वित्त अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि त्याला प्रमुख व्यवस्थापकीय पदाधिकाऱ्यांत स्थान दिले. ताळेबंदावर सही करणाऱ्याची जबाबदारी आता कायद्यानेच अधोरेखित झाली आहे.

२०२३ च्या नव्या योजनेत सीएची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. तरुणांना लवकर कमावते होता येईल, ही जमेची बाजू आहे. पण शतकाचा हा मागोवा एकच गोष्ट सांगतो: गोदामात जाऊन माल मोजणारा आणि ‘हा आकडा आला कुठून?’ असे वरिष्ठालाही विचारणारा माणूस नुसत्या वर्गात घडत नाही. उमेदवारीचा काळ कमी झाला असेल, तर त्यातला प्रत्येक महिना अधिक भरीव हवा. कंपन्यांनी आणि सीए फर्मनी शिकाऊ मुलांना वर्षभर केवळ जीएसटीचे रिटर्न भरायला बसवू नये. त्यांना कारखान्यात न्यावे, बँकेच्या बैठकीला बसवावे आणि प्रश्न विचारू द्यावेत. उद्या ताळेबंदावर सही त्यांचीच असणार आहे.