मदत की देणं?

‘श्रीमंत देश दर वर्षी गरीब देशांना १०० अब्ज डॉलर देतात. आणखी किती मागणार?’ हवामान परिषदेचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. एवढ्याशा वाक्यात तीन चुका आहेत.

पहिली चूक ‘दर वर्षी’ या शब्दांत. २००९ साली कोपनहेगनमध्ये श्रीमंत देशांनी कबूल केलं होतं की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. २०२० उजाडलं तेव्हा आकडा ८३ अब्जांवर अडकला होता. शंभरी गाठली ती २०२२ मध्ये, तीही श्रीमंत देशांच्याच संघटनेनं केलेल्या हिशेबानुसार. म्हणजे परीक्षार्थी आणि परीक्षक एकच.

दुसरी चूक ‘देतात’ या शब्दात. २०२२ च्या ११६ अब्जांत काही भाग खासगी गुंतवणुकीचा आहे. जो सरकारी पैसा आहे, त्यातला जवळपास ७० टक्के कर्जाच्या रूपानं गेला. परत करावं न लागणारं अनुदान तीस टक्क्यांच्याही आत. कर्जाची मुद्दल पूर्ण धरली जाते, परतफेड मात्र वजा होत नाही. सावकारानं गावाला कर्ज वाटावं आणि ती रक्कम दानधर्माच्या वहीत लिहावी, तसा हा प्रकार. ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेनं अनुदान आणि सवलतीचा भाग तेवढा वेगळा काढला, तर हाती २८ ते ३५ अब्जच लागले.

तिसरी चूक शब्दांत नाही, सुरात आहे. हा पैसा म्हणजे उपकार, असा तो सूर. १९९२ च्या हवामानविषयक आराखडा करारात श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना निधी देण्याचं बंधन स्वतःवर घेतलेलं आहे, आणि त्याखाली त्यांच्या सह्या आहेत. वातावरणात साचलेल्या कार्बनमध्ये त्यांचा वाटा मोठा, म्हणून जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही, हे तत्त्वही त्याच करारातलं. तेव्हा ‘मदत’ हा शब्दच मला खटकतो. देणं लागतो त्याला मदत म्हणत नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत नवा आकडा ठरला : २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. विकसनशील देशांची मागणी १,३०० अब्जांची होती. वर हे ३०० अब्ज सरकारी, खासगी, कुठूनही आले तरी चालतील. अध्यक्षांनी हातोडा आपटून ठराव संमत झाल्याचं जाहीर केलं आणि मग भारताला बोलू दिलं. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी त्या मसुद्याला दृष्टिभ्रम म्हटलं ते तेव्हा. या परिषदांत मतदानाच्या नियमावर देशांचं आजवर एकमतच झालेलं नाही, म्हणून सगळं सहमतीनं चालतं. आणि सहमती झाली की नाही, हे शेवटी हातोडा ज्याच्या हाती तो ठरवतो.

हवामान बदलाचा फटका बसलेल्या देशांसाठीच्या ‘हानी आणि नुकसान’ निधीबद्दलही असाच घोळ आहे. बातम्यांत त्याला सर्रास नुकसानभरपाई म्हणतात. प्रत्यक्षात पॅरिसच्या ठरावात आधीच लिहून ठेवलंय की करारातल्या हानी-नुकसानाच्या कलमाच्या आधारे कोणालाही भरपाई मागता येणार नाही. हा निधी ऐच्छिक. दुबईत २०२३ मध्ये पहिल्या फेरीत जी आश्वासनं आली, ती सुमारे ७० कोटी डॉलरची. बुडत्या बेटांच्या वतीनं वानुआतूनं अशा तरतुदीची मागणी मांडली होती १९९१ मध्ये.

आता आपल्याकडचा लाडका मुद्दा. ‘भारत तिसऱ्या क्रमांकाचा प्रदूषक आहे’ हे खरं, आणि ‘भारताचा दोष नगण्य आहे’ हेही बरंचसं खरं. एकूण वार्षिक उत्सर्जनात चीन आणि अमेरिकेनंतर आपणच. पण माणशी पाहिलं तर भारतीय वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन सुमारे १४ टन. औद्योगिक काळापासूनची बेरीज केली, तर अमेरिकेचा वाटा जवळपास पाव आणि भारताचा तीन-चार टक्के. फक्त हा ‘सरासरी भारतीय’ जरा जपून वापरावा. मुंबईतल्या उंच इमारतीत दिवसभर एसी लावून बसणारा आणि मेळघाटात चुलीवर भाकरी भाजणारी बाई, दोघं त्या २ टनांत एकत्र येतात, आणि परिषदेत पहिला दुसरीच्या मागे लपतो. पर्यावरण अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन वेगळं मोजा म्हटलं होतं. ते श्रीमंत देशांना उद्देशून होतं. ते देशाच्या आतही लागू पडतं, हे आपण सोयीनं विसरतो.

श्रीमंत देशांची एक तक्रार मात्र रास्त आहे. पैसे कोणी द्यायचे, याची यादी १९९२ ची. कतार, सिंगापूर, सौदी अरेबिया, दक्षिण कोरिया तिच्यात नाहीत, चीनही नाही. तुर्कस्तान होता, त्यानं २००१ मध्ये नाव काढून घेतलं. यादीत नव्यानं यायला मात्र कोणी पुढे सरसावत नाही.

आणि ‘पॅरिस करारानं देशांना उत्सर्जन कमी करायला बांधून टाकलं’ हा शेवटचा गैरसमज. उद्दिष्ट सादर करणं बंधनकारक आहे, ते गाठणं नाही. १२ डिसेंबर २०१५ रोजी अंतिम मसुदा हाती आला तेव्हा अमेरिकेच्या वकिलांच्या लक्षात आलं, की श्रीमंत देशांनी उत्सर्जन घटवण्यात पुढाकार घेण्याच्या वाक्यात ‘शुड’ऐवजी ‘शॅल’ पडलंय. ‘घ्यायला हवा’ऐवजी ‘घ्यावाच लागेल’. तसं राहिलं असतं तर करार अमेरिकी सिनेटपुढे न्यावा लागला असता, आणि तिथं तो मेलाच असता. धावपळ झाली. मग सचिवालयाच्या अधिकाऱ्यानं किरकोळ तांत्रिक दुरुस्त्यांची यादी वाचून दाखवली, त्यात विरामचिन्हांच्या दुरुस्त्यांच्या बरोबरीनं ‘शॅल’चं ‘शुड’ही झालं, आणि परिषदेचे अध्यक्ष लॉराँ फाब्यूस यांनी आपला छोटा हिरवा हातोडा आपटला.